पाठविले म्हणजे पोचले काय?

"मी निरोप पाठविला होता, तुम्हाला मिळाला नाही, त्याला मी काय करणार?" हे वाक्य आज कचेरीत, बँकेत, शाळेत, इतकेच काय, घराघरांत ऐकू येते. ते ऐकल्यावर ऐकणारा गप्प होतो आणि बोलणारा मोकळा होतो. वाक्य साधे दिसते. परंतु त्याच्या पोटात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे, आणि ज्यांच्या घरात आता कुठे अक्षर आले आहे अशा आपण लोकांनी तरी तो नजरेआड करू नये. प्रश्न असा : पाठविणाऱ्याचे कर्तव्य पाठविल्याने संपते, की पोचल्याने?

हा प्रश्न मला कोणत्या ग्रंथात भेटला नाही. तो माझ्या स्वतःच्या चुकीतून उभा राहिला. म्हणून ती चूक आधी सांगतो. तिच्यावर पांघरूण घालून वर नीतीची चर्चा करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

(१)

मी एका तालुक्याच्या गावी गणित शिकवितो. दोन वर्षांपूर्वी आठवीचा वर्ग माझ्याकडे होता. आठवीतील मुलांसाठी केंद्र सरकारची एक शिष्यवृत्ती परीक्षा असते. ज्यांच्या घरचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत आहे आणि ज्यांना सातवीत ५५ टक्के, अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांना ५० टक्के, गुण आहेत, त्यांना या परीक्षेला बसता येते. निवड झाली तर नववीपासून बारावीपर्यंत दरमहा १००० रुपये, म्हणजे वर्षाला १२,००० रुपये मिळतात. चार वर्षांचे ४८,००० होतात. रोजंदारीच्या घरात ही रक्कम म्हणजे मुलीचे शिक्षण चालू राहणे किंवा थांबणे, यांतील फरक असतो. आणि ही परीक्षा फक्त आठवीत देता येते. ती एकदा हुकली की हुकली.

अर्ज भरण्याची मुदत दिवाळीच्या सुटीत संपणार होती. शाळा बंद, मुले घरी. मी पालकांना कळविण्याचे ठरविले. आमच्या वर्गातील कित्येक घरांत अजून बटनांचा फोन आहे. तेव्हा सर्वांना चालेल असा साधा एसएमएस बरा, असा विचार केला. उत्पन्नाचा दाखला, फोटो आणि आधार कार्डाची प्रत घेऊन अमुक दिवसापर्यंत शाळेत यावे, असा मराठीत निरोप लिहिला, वर्गातील ४१ पालकांचे नंबर निवडले, बटन दाबले आणि फोन खिशात घातला. एक काम हातावेगळे झाले, असे समाधानही वाटले.

सुटी संपली. शाळा उघडल्यावर तिसऱ्या दिवशी एका मुलीची आई वर्गाच्या दाराशी येऊन उभी राहिली. गावापासून तीन किलोमीटरवरच्या वस्तीवर राहणारी, दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाणारी बाई. मुलगी हुशार, गणितात तर वर्गात पहिल्या तिघांत. आई म्हणाली, "सर, बाकीच्या पोरींनी फारम भरलाय म्हणं. आमच्या पोरीचा राहिला."

मी म्हणालो, "ताई, मी सगळ्यांना मेसेज पाठविला होता."

तिने पदराच्या गाठीतून फोन काढला आणि माझ्यापुढे धरला. म्हणाली, "मला वाचाया येत नाही. पण टुंग वाजलं की पोरगी वाचून दाखविती. टुंग वाजलं नाही, सर." मी काहीच बोललो नाही. तेव्हा तीच पुढे म्हणाली, "मग आमच्याच फोनात काही बिघाड असंल. जुना हाय." आणि ती निघून गेली.

खरे सांगायचे, तर त्या क्षणी मला सुटल्यासारखे वाटले. मी पाठविला होता, बिघाड तिच्या फोनात होता, हिशेब मिटला.

रात्री मात्र झोप येईना. मी फोन उघडला आणि त्या दिवशीचा निरोप पाहिला. ४१ नावांपैकी शेवटच्या आठ नावांपुढे एक लहानशी लाल खूण होती. निरोप गेलाच नव्हता. बिघाड त्या बाईच्या फोनात नव्हता. तो माझ्या बेफिकिरीत होता. ती खूण इतके दिवस माझ्याच खिशात पडून होती आणि मी तिच्याकडे पाहिले नव्हते.

(२)

निरोप का गेला नाही, याचा शोध मी घेतला. हा भाग थोडा यंत्राचा आहे, पण वाचकांनी तो अवश्य समजून घ्यावा. कारण समजले नाही की माणूस एक तर नशिबाला बोल लावतो, नाही तर दुसऱ्या माणसाला.

एसएमएसची रचना ठरली ती युरोपात, १९८०च्या दशकात. पहिला एसएमएस ३ डिसेंबर १९९२ रोजी इंग्लंडमध्ये गेला. एका निरोपात रोमन लिपीची १६० अक्षरे बसतात, हे अनेकांना ठाऊक असते. परंतु आपल्या देवनागरीला तेवढीच जागा दिली, तर त्यात केवळ ७० चिन्हे बसतात. कारण आपल्या प्रत्येक चिन्हाला यंत्रात रोमन अक्षराच्या दुपटीहून अधिक जागा लागते. शिवाय यंत्र काना, मात्रा, वेलांटी आणि पाय मोडल्याचे चिन्हही वेगवेगळे मोजते. 'शिष्यवृत्ती' हा शब्द घ्या. डोळ्यांना तो चार अक्षरांचा दिसतो. यंत्राच्या हिशेबी तो अकरा चिन्हांचा आहे. निरोप सत्तरच्या पुढे गेला की त्याचे तुकडे होतात, आणि ते जोडण्याची खूण प्रत्येक तुकड्यात घालावी लागत असल्याने एका तुकड्यात ६७च चिन्हे उरतात.

माझा निरोप दीडशे चिन्हांच्या पुढे गेला होता. म्हणजे प्रत्येक पालकाला तीन तुकडे. ४१ पालकांचे १२३ तुकडे. माझ्या फोनच्या योजनेत दिवसाला १०० एसएमएसची मर्यादा होती आणि त्यापुढचे पैसे कापून घ्यायला खात्यात शिल्लक नव्हती. तेहेतीस घरे झाली तेव्हा ९९ तुकडे संपले. शंभरावा तुकडा चौतिसाव्या घराकडे निघालाही असेल. पण एका तुकड्यातून निरोप उभा राहत नाही. तिथून पुढे सगळे थांबले. गुणाकार दुसरीतल्या मुलाला यावा असा होता, आणि तो न करणारा मी गणिताचा शिक्षक होतो.

आता याहून महत्त्वाची गोष्ट. ती आठ नावे कोणाची होती? आमच्या हजेरीपटात आधी मुलांची नावे लिहिलेली असतात, नंतर मुलींची. वर्षानुवर्षे तशीच चाल आहे. कोणी का, असे विचारीत नाही. मी नंबर त्याच क्रमाने निवडले होते. म्हणून ज्या आठ घरांना निरोप गेला नाही, ती आठही घरे मुलींची होती. मी मुद्दाम कोणाला वगळले नव्हते. यंत्राला तर मुलगा-मुलगी हा भेद ठाऊकही नाही. तरीही जागा संपली तेव्हा वगळल्या गेल्या त्या मुलीच. यादीच्या तळाशी कोण आहे, हे आधीच कोणी तरी ठरवून ठेवलेले असते. यंत्र फक्त त्या ठरावाची अंमलबजावणी करते.

आठांपैकी सात जणींना मैत्रिणींकडून, शेजारणींकडून कळले. त्या एकाच गल्लीत, एकाच आळीत राहणाऱ्या. वस्तीवरची ती एकटी राहिली.

(३)

इथे मला माझ्या पणजोबांची आठवण येते. मी त्यांना पाहिलेले नाही. आजीच्या तोंडून ऐकले आहे. ते गावकीची येसकराची पाळी करीत. गावात कोणी वारले की सोयऱ्यांच्या गावी मयतीचा सांगावा घेऊन जाणे हे त्यांचे काम. सरकारी टपाल, पाटलाचा हुकूम, साहेबाच्या मुक्कामाची वर्दी, सगळे पायी. रात्र असो, पाऊस असो. वाचकांपैकी अनेकांच्या घरांत अशा आठवणी असतील. निरोप पोचविणे हे महाराचे वतन मानले जाई. पण वस्तुतः ती वेठ होती. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले, ते या वेठीविरुद्धच. पुढे १९५८च्या कायद्याने ही कनिष्ठ वतने रद्द झाली.

आजी एक प्रसंग सांगे. पावसाळ्यात एकदा पणजोबा सांगावा घेऊन निघाले. वाटेत नदीला पूर आला होता. ते रात्रभर काठावर बसून राहिले आणि उतार मिळाल्यावर सकाळी पलीकडे गेले. सोयरे येईपर्यंत प्रेताला अग्नी देऊन झाला होता. लेकीला बापाचे तोंड दिसले नाही. दोष कोणाचा? गावाने तो पणजोबांवर ठेवला. शिव्या दिल्या, त्या सालचे बलुते अडविले. एकच माणूस एवढ्या लांब का पाठविला, असे पाटलाला कोणी विचारले नाही. नदीला तर कोणीच विचारले नाही.

या दोन गोष्टी मी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या, तेव्हा मला एक गोष्ट स्पष्ट दिसू लागली. दोष हा पाण्यासारखा असतो. तो उताराकडे वाहतो. निरोप वाहून नेणारा जेव्हा माणूस होता, तेव्हा निरोप न पोचल्याचा दोष त्याच्यावर जाई, कारण त्या साखळीत सर्वांत खाली तो होता. आज निरोप यंत्र वाहते. यंत्राला शिवी देऊन उपयोग नाही आणि त्याचे बलुतेही अडविता येत नाही. मग दोष नवा उतार शोधतो, आणि ज्याला निरोप मिळाला नाही त्याच्याच दारात जाऊन थांबतो. "तुमचा फोन बंद असेल", "तुम्ही नंबर बदलला असेल", "तुम्ही पाहिले नसेल". सर्वांत वाईट हे की, खालचा माणूस हा दोष मुकाट्याने पदरात घेतो. "आमच्याच फोनात बिघाड असंल." पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना आपलेच चुकले असे मानायला शिकविले गेले, त्यांच्या तोंडी हे वाक्य किती सहज येते!

(४)

कोणी म्हणेल, हा तुमच्या एकट्याचा निष्काळजीपणा. त्यावरून सर्वसाधारण सिद्धांत का काढता? म्हणून दोन मोठी उदाहरणे देतो.

१४ फेब्रुवारी २०१९ रोजी अमेरिकेत पाठविलेले १,६८,१४९ एसएमएस एका मध्यस्थ कंपनीच्या सर्व्हरमध्ये अडकून पडले. तो सर्व्हर बंद पडला होता. नोव्हेंबर महिन्यात तो पुन्हा चालू झाला तेव्हा ते सारे निरोप एका रात्रीत पोचले. मधल्या काळात कोणाचे संबंध तुटले होते. काही निरोप तर अशा माणसांचे होते, जी मधल्या काळात वारली होती. त्यांच्या जवळच्यांना मेलेल्या माणसाचा निरोप आला. यात विचार करण्याजोगी गोष्ट ही की, जवळजवळ नऊ महिने पाठविणाऱ्यांना वाटत होते आपण बोललो, आणि घेणाऱ्यांना वाटत होते तो बोलला नाही. दोघेही खरे होते. दोघांच्याही मनात एकमेकांविषयी काही तरी ग्रह बसला असेल, आणि तो ग्रह मात्र खोटा होता.

दुसरे उदाहरण आपल्याच देशातले. खोट्या आणि फसव्या संदेशांना आळा घालावा म्हणून दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०१८ साली नियम केले. व्यापारी संदेश पाठविणाऱ्या प्रत्येक संस्थेने आपले नाव आणि संदेशाचा नमुना आधी नोंदवावा. जो मजकूर नमुन्याशी जुळणार नाही तो अडवावा, अशी ही योजना. हेतू चांगला होता. ८ मार्च २०२१ रोजी ही छाननी सुरू झाली, आणि अनेक संस्थांनी नोंदणी पुरी केलेली नसल्याने देशभर बँकांचे, पैसे भरण्याचे, आधारच्या पडताळणीचे ओटीपी अडकले. दुसऱ्याच दिवशी प्राधिकरणाला ती छाननी सात दिवस स्थगित करावी लागली. त्या दिवशी बँकेच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाला कोणी सांगितले असेल काय की, तुझ्या हातातील फोनात काही बिघाड नाही? पुष्कळांनी आपलाच फोन बंद-चालू करून पाहिला असेल.

एसएमएसची व्यवस्था मुळात अशी आहे की, निरोप आधी एका केंद्रात साठविला जातो आणि समोरचा फोन सापडला की पुढे धाडला जातो. फोन बंद असेल तर तो ठराविक काळ थांबतो. त्यानंतर रद्द होतो. पोचविण्याचा प्रयत्न होतो, हमी नसते. पोचल्याची पावती मागता येते, पण ती पावती फोनाची असते, माणसाची नव्हे. व्हॉट्सॲपवर २०१४पासून निळ्या खुणा दिसू लागल्या. त्या फार तर असे सांगतात की निरोप उघडला गेला. तो कोणी उघडला, त्याला तो वाचता आला काय, समजला काय, हे त्या सांगत नाहीत. घरात एकच फोन असेल आणि तो घेऊन बाप ऊसतोडीला दुसऱ्या जिल्ह्यात गेला असेल, तर निळी खूण दिसूनही घरी बसलेल्या आईला काहीच कळलेले नसते.

(५)

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. पाठविणाऱ्याचे कर्तव्य कोठे संपते?

एक पक्ष असा : माझा हेतू शुद्ध होता. मी सर्वांना कळवावे या इच्छेनेच निरोप लिहिला. कर्माची परीक्षा चेतनेवरून करावयाची, तर मी निर्दोष आहे. मी स्वतः काही दिवस असेच मनाला समजावीत होतो. परंतु हे समाधान टिकत नाही. भगवान बुद्धांनी चेतनेला महत्त्व दिले तसेच अप्रमादालाही दिले. अप्रमाद म्हणजे सावधपणा, जागेपणा. चांगली इच्छा आणि झोपलेले लक्ष, या दोहोंनी मिळून दुसऱ्याचे नुकसान होऊ शकते. मी त्या मुलीचे वाईट चिंतिले नाही हे खरे. पण तिचे भले व्हावे एवढ्यापुरता मी जागाही राहिलो नाही.

दुसरा पक्ष म्हणतो : प्रत्येक निरोपाच्या मागे धावायचे तर माणसाने दुसरी कामे करायची कधी? हा आक्षेप व्यवहाराचा आहे आणि तो रास्त आहे. त्याला माझे उत्तर असे. सर्व निरोप सारख्या वजनाचे नसतात. वाढदिवसाच्या शुभेच्छा पोचल्या नाहीत तर कोणाचे काही बुडत नाही. शिष्यवृत्तीची मुदत, दवाखान्याची तारीख, नोकरीच्या मुलाखतीचा दिवस, पेन्शनसाठी मागितलेला दाखला, हे निरोप पोचले नाहीत तर माणसाचे वर्ष, कधी आयुष्य बुडते. म्हणून पाठविण्याआधी एकच प्रश्न स्वतःला विचारावा : हा निरोप पोचला नाही तर कोणाचे किती नुकसान होईल? नुकसान जितके मोठे आणि ते सोसणारा जितका दुबळा, तितका पोचविण्याचा भार पाठविणाऱ्यावर अधिक. तो ज्याच्या हाती अधिकार आहे त्याने उचलावयाचा आहे. ज्याला काय येणार आहे हेच ठाऊक नाही, तो कशाची वाट पाहणार?

तिसरा पक्ष विचारतो : मग घेणाऱ्याचे काहीच कर्तव्य नाही काय? आहे. आपल्या घरांत या बाबतीत हयगय होते, हे मान्य केले पाहिजे. स्वस्तातले सिम मिळाले की आपण नंबर बदलतो आणि शाळेत, बँकेत, रेशन दुकानात, दवाखान्यात जुनाच नंबर राहतो. प्रीपेड नंबर सलग ९० दिवस वापरला नाही तर तो बंद होऊ शकतो आणि पुढे दुसऱ्याच माणसाला दिला जाऊ शकतो. मग आपला निरोप परक्याच्या हाती पडतो. नंबर बदलला तर तो चार ठिकाणी जाऊन बदलून घेणे आणि निरोप मिळाला की "पोचला" एवढे उलट कळविणे, ही दोन कामे घेणाऱ्याने करावी. यात कमीपणा नाही.

परंतु घेणाऱ्याचे आणखी एक कर्तव्य आहे आणि ते मनाचे आहे. निरोप आला नाही, उत्तर आले नाही, की आपण ताबडतोब कारण ठरवितो : त्याने मुद्दाम टाळले, तो आता मोठा झाला, त्याला आपली किंमत नाही. कारण शोधण्याआधीच निकाल! ज्या विचाराने आपल्याला शिकविले की कोणतीही गोष्ट कारणावाचून घडत नाही आणि कारण तपासल्यावाचून मानू नये, तो विचार आपण फक्त देवदेवस्कीला लावतो. भावाच्या न आलेल्या उत्तराला लावत नाही. त्याच्या फोनात जागा नसेल, रिचार्ज संपले असेल, तो डोंगरापलीकडे असेल. आधी वाटेवर शंका घ्यावी, मग माणसावर. आणि शंका फिटण्याचा सोपा उपाय म्हणजे जाऊन विचारणे.

मात्र इथेही एक भेद लक्षात ठेवला पाहिजे. विचारणे हे सर्वांना सारखे सोपे नसते. मी साहेबाला विचारू शकतो, "साहेब, माझे पत्र मिळाले काय?" वस्तीवरची तेरा वर्षांची मुलगी शिक्षकाला विचारू शकत नाही, "सर, मला का कळविले नाही?" हे मला कसे कळले, तेही सांगतो.

(६)

लाल खुणा पाहिल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी वस्तीवर गेलो. आई चुलीशी होती, मुलगी भांडी घाशीत होती. मी उभ्याउभ्याच सांगितले की, तुमच्या फोनात बिघाड नाही. निरोप माझ्याकडूनच गेला नव्हता. चूक माझी आहे.

आईने विचारले, "मग आता फारम भरता येईल का?"

मी म्हणालो, "नाही. मुदत संपली." त्या सकाळीच मी मुख्याध्यापकांना घेऊन वरच्या कचेरीत फोन लावून पाहिला होता.

तिने मान हलविली आणि चुलीत लाकूड सारले. रागावली असती तर मला बरे वाटले असते. मुलगी मात्र हातातले भांडे तसेच धरून माझ्याकडे पाहत होती. ती म्हणाली, "सर, मला वाटलं तुम्ही माझं नाव घेतलं नाही. बाकीच्यांना घेतलं, मला नाही. मला वाटलं, मी तेवढी हुशार नसेन."

बंधु-भगिनींनो, न आलेल्या निरोपाचे खरे नुकसान मला त्या वेळी समजले. ४८,००० रुपये तर गेलेच. पण निरोप आला नाही म्हणजे तिच्यापर्यंत काहीच पोचले नाही, असे झाले नव्हते. एक निरोप पोचला होता. मी न लिहिलेला, मी न पाठविलेला : 'तू मोजली गेली नाहीस.' ज्यांच्या आज्यापणज्यांना शाळेच्या दाराबाहेर बसविले गेले, त्यांच्या लेकरांच्या मनात हा निरोप फार लवकर पोचतो. त्याला कोणतीही मर्यादा आडवी येत नाही.

त्यानंतर मी काही साध्या गोष्टी सुरू केल्या. त्यांत मोठेपणा नाही. त्या आधीच करायला हव्या होत्या. महत्त्वाची सूचना असेल तर एसएमएस पाठवितोच, पण लहान लिहितो, आणि पाठविल्यावर प्रत्येक नावापुढची खूण पाहतो. ज्यांच्याकडून "पोचला" असे उत्तर येत नाही, त्यांना फोन लावतो. फोन लागला नाही तर त्या बाजूला राहणाऱ्या मुलाच्या हाती चिठ्ठी देतो आणि सहीचा कागद परत मागतो. आणि यादी एक दिवस वरून वाचतो, एक दिवस खालून.

ती मुलगी आता दहावीत आहे. शिष्यवृत्ती मिळविणाऱ्या तिच्या वर्गातील दोन मुलांच्या खात्यात पैसे जमा होतात, तेव्हा त्यांच्या पालकांच्या फोनवर बँकेचा एसएमएस येतो. तो निरोप मात्र अगदी वेळेवर पोचतो. वर्गात त्याची चर्चा होते तेव्हा मी फळ्याकडे तोंड करून उभा असतो.

ज्यांच्या हाती आज शाळेची, सोसायटीची, पंचायतीची, विहाराच्या वर्गणीची यादी आहे, त्या सर्वांना माझी एवढीच विनंती. "मी पाठविले होते" हे वाक्य तोंडात येईल तेव्हा क्षणभर थांबा. खिशातला फोन काढा. यादीच्या तळाशी जा. तिथे एखादी लाल खूण असेल, तर ती कोणाच्या नावापुढे आहे ते वाचा, आणि उठून त्या घरापर्यंत जा.